सुलाबाई कोणाची

१२ जानेवारी २००२

घसा बसलाय. आणि मी सभेत एक शब्द बोललेलो नाही! नुसत्या आरोळ्या ठोकल्या. माईकवाल्यानं आरोळ्या ठोकायच्या नसतात, मशीनपाशी गप बसायचं असतं. पण आज सुलाबाई बोलली.

नाशकातल्या द्वारका चौकाच्या आतल्या अंगाला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी सभा होती. आपल्या सोमनाथची. सायखेड्याच्या शाळेत एका बाकावर बसलो दोघं. आता तो नगरसेवकाला उभा, म्हटल्यावर माईक-मंडप दुसऱ्या कोणाचा असणार? चार भाषणं झाली, लोक चुळबुळायला लागले, मग ही बाई उठली. मूळची हरसूलकडची. बांधकामावर पाट्या वाहायला नाशकात आली ती इथंच राहिली. वस्तीतल्या बायका घेऊन तिनं मागच्या साली दोन गुत्ते बंद पाडले, तेव्हापासून पेपरात फोटो येतो. माईकचा स्टँड तिच्या उंचीला खाली करायला गेलो तर म्हणाली, "राहू द्या भाऊ, मीच मान वर करते."

नाव एकदाही घेतलं नाही. नुसतं 'आमचा नगरसेवक'. "मतं मागाया आला तवा म्हनला, बायांनो, ह्ये दारूचं दुकान म्हंजी माझ्या कपाळावरचा डाग हाय. आता दुकान त्याच्याच माणसाच्या हातात. मंग डाग गेला कुठं?" मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. कर्णा शिट्टी मारायच्या बेताला आला तेव्हा थांबलो. 'त्यांच्या', म्हणजे विरोधी पक्षाच्या, आत्ताच्या नगरसेवकाचं घर समोरच्याच गल्लीत, ऐकू जायलाच हवं होतं. वाघीण आहे बाई! अशी दोन माणसं आपल्या बाजूला असली तर निवडणूक कशाला हवी.

माझी बायको कला इतर बायकांत बसली होती. रडत होती. तिचा धाकटा भाऊ राजू आमच्याकडेच असतो, माझ्या मंडपाचे बांबू रोवतो, आणि संध्याकाळ झाली की त्याच देशी दारूच्या दुकानात बसतो. त्याची बायको पोराला घेऊन माहेरी गेली ती आलीच नाही. शेवटी सोमनाथनं माईक घेतला — निवडून आलो तर पहिलं काम, हे दुकान बंद.

घरी आल्यावर कला म्हणाली, "आता राजूचं व्हईल काहीतरी."

सुलाबाईचं सगळं भाषण टेप केलंय. राहू दे जवळ.

२० फेब्रुवारी

आला सोमनाथ! कानात गुलाल गेलाय, निघता निघत नाही.

९ मे

दुकान चालूच आहे. कला रोज त्याच रस्त्यानं भाजी आणते आणि रोज येऊन मला सांगते, जणू मला दिसत नाही. अगं, कारभार हातात येऊन दिवस किती झाले? कागदपत्रं असतात, वरून परवानग्या असतात. दम धरायला नको का?

राजू आज शिडीवरून पडला. फार लागलं नाही. तोंडाला वास होता, सकाळीच.

२३ जून

पेपरात सुलाबाईचा फोटो. सोमनाथच्या दारात बायका बसवल्या म्हणे तिनं, रिकाम्या बाटल्यांची रांग लावून. 'दुकान आता नगरसेवकाच्या मेव्हण्याकडे' असं खाली छापलंय.

मेव्हण्यानं चालवायला घेतलं, हे खरं आहे. मला माहीत होतं. पण मेव्हण्याच्या धंद्यात सोमनाथचा काय दोष? आणि हिला काय एवढी घाई झाली होती? घरी येऊन शांतपणे बोलता आलं नसतं? पण नाही, पेपरवाले बोलवायचे, फोटो काढून घ्यायचे. कोणाच्या जिवावर बोलते ही बाई? दुपारी चहाच्या टपरीवर सगळे हेच म्हणत होते. कोणी म्हणालं, 'त्यांनी' तिला पुढच्या वेळी तिकीट कबूल केलंय. असेलही. पाट्या वाहणाऱ्या बाईला एवढं बोलता येतं कुठून!

कलाला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "जानेवारीत बोलता येत व्हतं तवा तुम्हाला नवल नाय वाटलं." आणि भाकरी थापत राहिली.

११ जुलै

हे लिहावं की नाही? लिहितो. इथं दुसरं कोण वाचतंय.

पावसानं एक कर्णा बिघडला होता, तो दुरुस्त करून आणला. वाजवून बघायला हाताला लागली ती कॅसेट टाकली, नाव नव्हतं तिच्यावर. सुलाबाईचा आवाज. आमचा नगरसेवक असा, आमचा नगरसेवक तसा, कपाळावरचा डाग... डोकंच फिरलं माझं. माझ्या दुकानात, माझ्या कर्ण्यातून सोमनाथची बदनामी! रस्त्यावर माणसं थांबून ऐकायला लागली होती. खटकन बंद केलं. आत जाऊन कलावर ओरडलो, कोणी आणली ही कॅसेट? कोणी टेप केलं हे?

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हीच केलं. जानेवारीतलं हाय ते."

खोटं वाटलं. परत लावली, आवाज अगदी बारीक करून. तेच भाषण. सोमनाथच्याच सभेतलं. शब्द न् शब्द तोच. मधे मधे कोणीतरी माईकच्या अगदी जवळून आरोळ्या ठोकतोय — 'वा बाई, वा!' तो मी.

गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या ये म्हटलं.

तरी तेव्हाची गोष्ट वेगळी होती. तेव्हा 'ते' होते.

हे वाक्य लिहून परत वाचलं. खोडावंसं वाटलं. खोडत नाही, कारण मला अजून तसंच वाटतंय.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन सोमनाथच्या हस्ते. माईक माझा. नंतर जिलेबी खाताना त्यानं खांद्यावर हात टाकला. "झुंबर, परवा त्या बाईची सभा हाय ना? तुझाच माईक ना? श्रावण-भादव्यात लाइटीचा काय भरवसा नसतो गड्या." हसला. मीही हसलो.

१७ ऑगस्ट

केलं.

ज्यांच्याकडे मी हा धंदा शिकलो ते इब्राहिमचाचा सांगायचे, ज्यानं माईक बोलावला त्याचं बोलणं संपेपर्यंत मशीन आपलं नाही, त्याचं. चाचांनी एकदा आपल्या सख्ख्या भावाला शिव्या देणाऱ्याची सभा शेवटपर्यंत वाजवली होती. आवाज एक रेघ कमी केला नाही.

सुलाबाईनं सोमनाथचं नाव घेतलं आणि मी बटण फिरवलं. उठून मोठ्यानं म्हणालो, लाइट गेली. ती क्षणभर थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. मग तशीच बोलत राहिली, माईक बाजूला सारून. मागच्या बायका उठून पुढं आल्या, एकमेकींना खेटून बसल्या. कोणी खोकलंसुद्धा नाही. मशीनपाशी मला सगळं ऐकू येत होतं.

कला पहिल्या रांगेत होती. तिनं चहाच्या टपरीकडे बघितलं, तिथला दिवा चालू होता. मग माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर जेवायला वाढलं. मला वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

१५ सप्टेंबर

'त्यांच्या' गणेश मंडळानं काल सुलाबाईचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा. वाघीण म्हणाले तिला! मला सकाळीच कळलं, धावत कलाला सांगायला गेलो. बघ, म्हटलं होतं ना? निघाली ना त्यांची? फार बरं वाटत होतं. ऑगस्टपासून छातीवर काहीतरी बसलं होतं, ते उतरलं असं वाटलं.

दुपारी टपरीवर पुढचं कळलं. सत्काराला उत्तर द्यायला उठली आणि म्हणाली, "शाल दिली, बरं झालं. पर ह्ये दुकान पाच वर्षं तुमच्याच राज्यात चाललं. माझ्या वस्तीतल्या तीन बाया रांडमुंड झाल्या तवा तुमची शाल कुठं व्हती?" पोरांनी आरडाओरडा केला. फेटा तिथंच ठेवून निघून आली. आता तेही म्हणतायत, सोमनाथनंच पाठवली होती तिला, आमचा कार्यक्रम नासवायला.

आधी हसलो. मग हसू आलं नाही. टपरीवर एकमेकांचं तोंड न बघणारे लोक आज एकाच बाकावर बसून तिला शिव्या देत होते.

मी कलाला म्हटलं, मग ही बाई आहे तरी कोणाची?

ती म्हणाली, "तुम्हाला सारखं त्येच पडलंय. आपल्या राजूसाठी बोलती ती. मला तेवढं पुरतं." महिनाभरात एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदा बोलली माझ्याशी.

२८ सप्टेंबर

राजूला रक्ताची उलटी झाली. मोरीत. कलानं आधी पाहिलं. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत तो सारखा माझा हात धरत होता, "दाजी, नाय पिणार आता," म्हणत होता. मरायला टेकलेल्या माणसाचा हात एवढा गरम कसा?

डॉक्टर म्हणाले, वाचेल. पण परत प्यायला तर आमच्याकडे आणू नका, काही करता येणार नाही.

सोमनाथ स्वतः आला. खाट मिळत नव्हती, फोन करून मिळवून दिली. सफरचंदं आणली. राजूच्या उशाशी बराच वेळ बसला, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. नाटक नव्हतं ते, मी त्याला लहानपणापासून ओळखतो. अशा माणसाविरुद्ध कसं जायचं? मी हेच कलाला विचारलं. तिनं सफरचंदाची पिशवी शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला देऊन टाकली.

३ ऑक्टोबर

राजू घरी आलाय. ओट्यावर बसतो, रस्त्याकडे पाठ करून. दुकान कोपऱ्यावरच आहे. बाटल्यांचा आवाज येतो.

५ ऑक्टोबर

आज सुलाबाई माझ्या दुकानात आली. एकटीच. राजूचं तिला कळलं होतं, आधी त्याची चौकशी केली. मग म्हणाली, "भाऊ, उद्या दारूच्या दुकानापुढं बायांना बोलवलंय. माईक पायजे. कोणी द्येत नाय. ते म्हनतात मी ह्यांची, ह्ये म्हनतात मी त्यांची."

मी म्हटलं, सगळं बुक आहे.

तिनं माझ्या मागं बघितलं. कर्णे, मशीन, स्टँड, वायरींची भेंडोळी, सगळं भिंतीपर्यंत रचलेलं. पितृपंधरवडा चालू आहे. या दिवसांत लग्न नाही, मुंज नाही, उद्घाटन नाही, अख्ख्या नाशकात माईकवाल्याला एक ऑर्डर नसते. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे आणि माझ्या तोंडून हेच निघालं!

"पितरांत कोणाचं बुक व्हतं, भाऊ?" एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. मी वायर गुंडाळत बसलो, गुंडाळलेलीच वायर परत. ती पायरी उतरून गेली.

उद्या माईक दिला असता तर काय झालं असतं? सोमनाथ बोलायचा बंद झाला असता. वॉर्डातली कामं गेली असती. टपरीवर म्हणाले असते, झुंबर फुटला. आणि न देऊन? राजूकडे बघवत नाही.

आतल्या दाराचा पडदा हलत होता. कला तिथं कधीपासून उभी होती, माहीत नाही.

६ ऑक्टोबर, सर्वपित्री

वडिलांना पाणी द्यायला रामकुंडावर गेलो होतो. परत आलो तर दुकानाचं कुलूप जागच्या जागी, आत मोठं मशीन नाही, दोन्ही कर्णे नाहीत. दुसरी किल्ली कलाकडे असते. राजूही ओट्यावर नव्हता.

आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. सुलाबाईचा नाही. कलाचा. दारूच्या दुकानापुढं उभी राहून सांगत होती, ऑगस्टात लाइट कोणी घालवली, काल खोटं कोण बोललं. 'आमचे हे' म्हणाली नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर तिनं माझं नाव कधी तोंडातून काढलेलं नाही. आज घेतलं, भर रस्त्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. झुंबर.

आणि माझ्या मनात पहिलं काय आलं — हिला कोणाची फूस आहे?