एकवीस जागांचा फळा

दादा, धाकट्याचा नमस्कार घ्या.

वर्तमानपत्राच्या कचेरीसमोरचा संसदेच्या निवडणूक निकालाचा फळा मी केला. बारा फुटी सागवानी चौकट, शंभर खुंट्या आणि हाताने रंगवलेले दोनशे आकडे, सगळं माझं. कुणाकडे शिकायला गेलो नव्हतो.

आपल्या राज्यातल्या एकवीस जागांपैकी वीस त्या सत्ताधाऱ्यांनाच. तुमचा कारखाना बंद पाडणाराही लाखाने निवडून आला. त्याची मतं मीच टांगली, ओळंबा लावून. खालून कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, तोंड का पाडलंय? पेढा घ्या!" मी म्हटलं, "दात दुखतोय."

वहिनींचा खोकला थांबला का? मी मजेत आहे. काम जरा कमी आहे, एवढंच.

तुमचा धाकटा

ता. क. तुमचा कारखाना बंद पाडणाऱ्याला विजयाच्या मिरवणुकीसाठी सिंह कोरलेली खुर्ची हवी होती. मी नाही म्हणालो. साठ हजार देत होता.