साडेआठचं भोक

तोंड तुम्ही कशाला उघडलंत, मिस्त्री? साहेबानं विचारलं, भोक कुणी पाडलं. तुम्हाला एकट्याला नव्हतं विचारलं, सगळ्यांना विचारलं होतं. मी तिथंच पाना धरून उभी होते. दोन घोट थुंकी गिळेपर्यंत थांबला असतात तर मीच बोलले असते, कदाचित. तुम्ही ‘मी पाडलं’ म्हणून मोकळे झालात आणि मला जन्माची मुकी करून गेलात. हा राग आधी. जयभीम नंतर.

चौथी शिकलेली मी. जिल्हा नवा झाला होता, लातूरला पाट्या लागल्या होत्या, पण हापशांचं सामान अजून जुन्याच जिल्ह्यात पडलेलं. पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलेलं नाही. विहिरींत दगड दिसायचे. तेव्हा बायांना हापसा दुरुस्ती शिकवायची टूम निघाली आणि अहमदपूरच्या तुमच्या शेडात आम्ही चौघी आलो. तिघी आठवड्यात पळाल्या. मी राहिले.

पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, “बोल्ट दहाचा हाय. लोखंडात आटे पाडायचेत. भोक कितीचं?”

“दहाचंच की.”

“मग बोल्टाला धरील कोण, माय? तू?”

सगळं शेड हसलं. मग तुम्ही खडूनं पत्र्यावर लिहिलंत. एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंत दीड मिलिमीटर. दहातून दीड गेले, साडेआठ. लोखंड शिल्लक राहिलं तरच त्यात आटे पडणार, आणि बोल्टाला धरायचं ते त्या आट्यांनी. बोल्ट नुसता आरपार जायचा असला तर खुशाल अकराचं पाडा, तिथं ढिलं चालतं. वजाबाकी मला येत होती, मिस्त्री. म्हणून सांगते, ती चूक अडाणीपणाची नव्हती.

चाकूरकडची ती वाडी. हापशाच्या दांड्याचा आस सरकायला लागलेला, तो अडवायला बाजूला पट्टी बसवायची. तुम्ही दुसऱ्या गावच्या हापशाला गेलात, मला एकटीला पाठवलंत. पेटी उघडते तर साडेआठचं ड्रिल बोथट. धार लावून आणायची तर परत अहमदपूर, म्हणजे दिवस गेला. मागं घागरींची ही रांग. एक म्हातारी म्हणाली, “ही बया हापसा दुरुस्त करायलीय का त्याची पूजा मांडायलीय?” तिच्या मागची म्हणाली, “वस्तीतली पाठवल्यावर असंच व्हायचं.” झोंबलं मला. पेटीत साडेनऊचं ड्रिल होतं, चांगलं धारेचं. आटे पाडायचा टॅप तुमच्याकडं एकच, घट्ट भोकात मोडला तर, ही पण भीती. घातलं साडेनऊचं. टॅप ओल्या मातीत काडी जावी तसा गेला. घट्ट जाताना कुरकुरतो, तो कुरकुरला नाही. हाताला कळलं होतं माझ्या. तरी बोल्ट आवळला, आणि दुरुस्त करणाऱ्यानं पहिली घागर भरायची म्हणून ताठ मानेनं पहिली घागर भरली.

पाचव्या दिवशी बोल्ट आटे घेऊन बाहेर आला. आस सरकला, दांडा उसळला, त्या म्हातारीच्या सुनेचं मनगट मोडलं. हापसा अकरा दिवस बंद. बायांनी दोन कोसांवरून पाणी वाहिलं, तिनं एका हातानं.

मग साहेबाची जीप आली. तुम्ही भोकात करंगळी घातलीत, माझ्याकडं बघितलंत आणि बोललात. तुमचं काम गेलं, शेड गेलं. नांदेडला लेकीकडं राहायला गेलात ते तिथंच संपलात. जाताना मला एक पत्र्याची पट्टी दिलीत. मापामापाची भोकं, प्रत्येकापाशी आकडा, साडेआठपाशी खिळ्यानं ओढलेल्या दोन रेघा. शिवी दिली असतीत तर सोपं गेलं असतं. तुम्ही म्हणालात, “तुझं नाव घेतलं असतं तर फिरून कुण्या बाईच्या हातात पाना दिला नसता त्यांनी.”

पाना माझ्या हातात वीस वर्षं राहिला. कितीक पोरी शिकवल्या. आणि प्रत्येकीला काय सांगितलं? “माझ्या मिस्त्रीनंसुद्धा एकदा साडेनऊचं पाडलं होतं बरं, बाईचा हात मोडला.” पहिल्या खेपेला जीभ अडली. पुढं सवय झाली. पुढं पुढं तर तुमच्या आवाजात सांगायची मी, पोरी हसाव्यात म्हणून.

परवा नात आली. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकते. सर्किटची हिरवी पाटी घेऊन बसलेली, एका पार्टाचे पाय भोकांत जाईनात. लागली की मोठं ड्रिल उचलायला. मी म्हणलं, “थांब गं. आधी पाय मोज. पायापेक्षा इवलंसं मोठं, बस्स. भोवतीची तांब्याची कडी खाऊन टाकलीस तर सोल्डरची झाळ धरील कशाला?” आणि सवयीनं तुमची गोष्ट सांगितली.

ती म्हणाली, “आजी, तुझा मिस्त्री बिनडोकच होता की गं!”

मी हसले. मिस्त्री, मी हसले.

हा कागद तुमच्या पट्टीखाली ठेवायलेय. टपालात टाकायला तुमचा पत्ता कुठाय? आणि असता तरी टाकला नसता. तुम्ही वाचाल, ह्याची भीती वाटते अजून.

शनिवारी नात परत येणार. ड्रिलं मोजायला ती पट्टी तिला पाहिजे. दोन रेघा बघून विचारीलच, ह्या कशाच्या. ह्या खेपेला तुम्ही मधे पडायचं नाही. तोंड बंद ठेवायचं. उत्तर मी द्यायचं.