डॅशबोर्डची डावी बाजू

९ फेब्रुवारी १९८७, मुलुंड
गाडी परत आली. चावी परबांच्या भाच्याने दारातूनच दिली. "थँक्यू हां ताई, लग्न झकास झालं." परबांच्या मेधाची पाठवणी माझ्या गाडीतून झाली, बरं वाटलं. खाली जाऊन दार उघडलं आणि डोकं फिरलं. डॅशबोर्डवर डावीकडचं धम्मचक्राचं स्टिकर नाही! ब्लेडने खरवडलंय. वरून साबणाचं फडकं फिरवलंय, पांढऱ्या रेघाच रेघा. मला न विचारता.

१० फेब्रु.
खालच्या मजल्यावर गेले. परबवहिनी म्हणे, "फुलवाल्याने काढलं असेल हो."
मग परब स्वतःच, "मुलाकडची मंडळी जुन्या वळणाची. उगाच गैरसमज नको म्हणून..."
"कसला गैरसमज?"
इतकी वर्षं एका जिन्याने चढउतार, पोरं एका ताटात जेवली. गाडी चालते, चक्र नाही चालत?
वर म्हणतो, "दुसरं आणून देतो ना."
कुठून आणणार? अण्णांनी नागपूरहून आणलं होतं, दीक्षाभूमीवरून. गाडी घेतली त्या दिवशी स्वतः चिकटवलं. विक्रोळीच्या कारखान्यात जन्म घालवला माझ्या बापाने. लेकीच्या गाडीत पहिल्यांदा बसताना चपला बाहेर काढल्या होत्या.

१२ फेब्रु.
बँकेतून आल्यावर पुसत बसले. हे प्लॅस्टिक खरबरीत, दाणेदार. साबण खाचांत शिरतो, वाळला की परत पांढरा. कुंकूही अडकलंय. रॉकेलने गोंद गेला, वास राहिला. खोबरेल लावलं, चकाकलं, सकाळी त्यावर धूळ. शेवटी जमलं ते असं: जुना टूथब्रश, नुसता फेस, एका वेळी वीतभर जागा. लगेच ओलं फडकं, मग कोरडं मऊ सुती. स्टिअरिंगकडची बाजू झाली. एक रेघ नाही.
डावीकडे आले आणि हात थांबला. मी का पुसतेय हे?
अशोक म्हणाला, "जाऊ दे गं. उद्या अडीअडचणीला हेच लोक धावतील." अडचण त्यांना होती, धावली माझी गाडी! नवऱ्याला कोण सांगणार.

१५ फेब्रु., रविवार
अण्णा आले. लपवायचं होतं, पण ते आधी गाडीकडेच गेले. त्या जागेवर बोट फिरवलं. दाणे तासले गेलेत, गुळगुळीत चट्टा पडलाय.
"कुणाला दिली होतीस?"
सांगितलं. म्हटलं, आजच साफ करते.
"तू नको. ज्याने केलं त्याला पुसू दे."
सोडायला निघाले तर म्हणाले, बसने जातो. गाडीत बसलेच नाहीत. हे परबांना काय कळणार...

१७ फेब्रु.
जिन्यात गाठलं परबांना. चार माणसं होती, असू देत.
"रविवारी खाली येऊन डॅशबोर्ड पुसून द्या."
हसले. "पोचारा मारायला गडी पाठवतो ना, ताई."
"गडी नाही. तुम्ही."
हसू गेलं. अशोक घरात येऊन भडकला, "आपल्याला याच सोसायटीत राहायचंय."
मलाही राहायचंय. म्हणूनच.

२२ फेब्रु., रविवार
परब आले नाहीत. माहेरपणाला आलेली मेधा आली, बादली घेऊन. हातावरची मेंदी अजून पुरती गेली नाहीय.
"ताई, खरवडत होते तेव्हा मी बघितलं. बोलले नाही."
बसली आणि घासायला लागली. साबण जास्त घेतला, रेघा उठल्या. सांगितलं नाही कसं पुसायचं ते. तिचाही राग आला, आणि ती एकटीच आली याचा त्याहून जास्त. वर बघते तर परब गॅलरीत उभे, हातात पेपर.
"परब, लेकीला कशाला पाठवलंत? खाली या!"
सगळ्या खिडक्यांत डोकी. ते आत गेले. मेधाच्या हातातला ब्रश घेतला, म्हटलं, "तू जा घरी. तुझं नाही हे काम." रडत गेली. वाईट वाटलं. तरी त्या रेघा मी पुसल्या नाहीत.
संध्याकाळपर्यंत वाट बघितली. मग बादली, ब्रश, फडकं परबांच्या दाराशी ठेवलं, बेल दाबली आणि वर आले. दार उघडल्याचा आवाज आला. लागल्याचा अजून नाही.