उजव्या पायाची चूक

४ तारीख, मंगळवार
आज जाहीर झालं. दोनपैकी एक कारखाना बंद होणार.
आम्ही डावे बूट शिवतो, ते उजवे. ते म्हणजे कोण, कुणी पाहिलंय! दुसरा देश. जोडी लागते ती तिसऱ्याच देशात. सुटा बूट कुणी चोरत नाही, म्हणून ही व्यवस्था. चौदा वर्षं मी एकाच पायाचे बूट शिवते आहे.
आता दोन्ही पाय एकाच ठिकाणी. कुठे, ते महिनाअखेर कळेल.
घरात पगार दोन. माझा आणि थोरल्या जाऊबाईंचा. दोन्ही याच गेटमधून येतात. हे दोन वर्षं अंथरुणावर.

६ तारीख
सुपरवायझर दर तासाला फळ्यावर आकडे लिहितो. आमचे एकसष्ट, त्यांचे चौसष्ट.
"तिकडची माणसं कामात पाणीसुद्धा पीत नाहीत!"
जाऊबाई म्हणाल्या, "मग आधी त्यांना पाणी पाठवा."
सगळ्या हसलो. पुढच्या तासाला आमचे साठ.

७ तारीख
पाणी प्यायले नाही.

११ तारीख
गिऱ्हाइकांनी परत केलेले अकरा जोड आले. उजवा बूट आज पहिल्यांदा हातात घेतला. टाका आमच्यापेक्षा बारीक. फक्त टाचेपाशी, शेवटी, किंचित सैल. दिवस संपताना माझाही तिथेच सैल होतो.
सुपरवायझर म्हणाला, "कोणता पाय चुकला, ते प्रत्येक जोडापुढे लिहा. ऑर्डर कुठे द्यायची ते त्यावर ठरणार." मग हळूच — "विचार करून लिहा हं, बाई."
सात डावे. चार उजवे. सातांतले दोन माझेच. माझी गाठ मला ओळखू येते.

१२ तारीख
जेवताना सांगितलं. जाऊबाई म्हणाल्या, "तुझ्या खरेपणावर चूल पेटते का गं?"
हे भिंतीकडे तोंड करून पडून होते. बोलायला हवं होतं यांनी!

१३ तारीख
लिहिलं. अकराही उजवे.
अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं. त्याचीच भीती वाटते.

१९ तारीख
तिकडेही कुणाची तरी जाऊ असेल.

२८ तारीख
ऑर्डर आमची! जाऊबाई गेटपाशीच गळ्यात पडून रडल्या. घरी यांनी माझा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. मी सोडवून घेतला.

२९ तारीख
सुपरवायझरला विचारलं, "माझ्या एकटीच्या कागदावर एवढं ठरलं?"
"छे! तेच जोड आधी तिकडे गेले होते. तिथल्या शिवणाऱ्या बाईनेही लिहून दिलं. दोन्ही कागद तंतोतंत जुळले."
"तिने काय लिहिलं?"
"अकराही उजवे. तिकडे रीतच आहे म्हणे — चूक दिसली की आधी आपली म्हणायची. मग समोरचा म्हणतो, नाही, आमचीही आहे."
तो हसत होता.