केळीच्या चेंबरमधला ठेका

धुळे,
गुरुवार

प्रिय चेलना,

हे पाकीट तुझ्या हातात पडायच्या आधी तुझ्या भावानं वाफेवर धरून उघडलं असणार, याची मला खात्री आहे. रोनक, वाचतोयस ना? मग लाज वाटू दे आणि नीट परत चिकटव. चेलना, पाकीट शाबूत आलं असेल तर हे वाक्य तू वाचलंच नाहीस असं समज. माझा स्वभाव तुला काय नवा आहे? आई म्हणायची, रूपाला पेलाभर दूध द्या, ती आधी म्हशीची चौकशी करेल. पोस्टावर माझा भरवसा नाही, म्हणून हितेंद्रच्या हाती पाठवतेय. तसा आमच्या बँडच्या या ढोलवाल्यावरही माझा भरवसा नाही, पण पत्र रविवारच्या आत तुला मिळायलाच हवं. तुझ्याबाबतीत मी एक गोष्ट केली आहे आणि ती तुला कुणी सांगितलेली नसणार. एकदम सांगितली तर तू हसशील आणि सोडून देशील, म्हणून जसं घडलं तसंच सांगते.

सुरुवात तुझ्या कार्डापासून झाली. दर संवत्सरीला, तुमच्या जैनांच्या माफीच्या दिवशी, सकाळी आठाच्या ठोक्याला तुझा फोन यायचा. मिच्छामि दुक्कडम् रूपा, वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ कर. आणि मी म्हणायची, कुठली चूक ते आधी सांग, मग बघू. पाच वर्षं हाच कार्यक्रम. यंदा तुझा फोन आषाढापासूनच बंद, तरी त्या दिवशी वाट बघितली; आठ वाजले, नऊ वाजले, फोन नाही. चार दिवसांनी छापील कार्ड आलं, आणि खाली तुझ्या बारीक अक्षरात दोनच शब्द: यंदा खरंच. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. यंदा खरंच म्हणजे आजवरचं काय खोटं होतं? जी बाई मुंगी दिसली तर पाय उचलून धरते, तिला खरंच माफी मागावी लागते म्हणजे तिनं खरंच काहीतरी केलंय. कार्ड फ्रिजला चिकटवलं आणि पाणी प्यायला गेले की त्याच्याकडे बघायची.

आपल्याकडे चोरण्यासारखं होतं तरी काय, सांग? एक धून. तुझ्या आतेबहिणीच्या लग्नात पप्पांच्या बँडच्या गाडीवर मी गिटार वाजवत होते, आणि वरातीतली सगळी नाचत असताना तू एकटी गाडीच्या चाकापाशी येऊन विचारलंस की ती जाड तार एवढी खाली कशी उतरवली. तेव्हापासून आपलं जुळलं. कपड्याच्या दुकानाच्या माळ्यावर तुझा कॉम्प्युटर, त्यात पन्नास व्हायोलिनं, वीस ट्रंपेटं आणि पोटात घुमणारे ते इलेक्ट्रॉनिक आवाज. त्या सगळ्यांच्या पुढे धावायला माझी गिटार. मुंबईच्या लोकांशी बोलायचं तू, तारा तोडायच्या मी, अशी आपली वाटणी होती. पिक्चरमधले हाणामारीचे, पाठलागाचे सीन संगीत भरायला आपल्याकडे यायचे आणि पडद्यावर गाड्या उलटायच्या. पप्पांना वाटायचं, पोरगी गेली वाया.

आणि ते यावलचं चेंबर! तुझ्या मामांच्या केळी पिकवायच्या रिकाम्या चेंबरमध्ये तू मला कोंडलंस, कारण म्हणे तिथल्या पत्र्याच्या भिंतींत तार हवी तशी घुमते. बाहेर ऊन रणरणतंय आणि आत मी कुडकुडत, अंगाला पिकल्या केळ्यांचा वास. ती मुख्य धून तिथंच झाली. शेवटच्या आघाताला बाजूच्या खोलीचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि नेमका खट् असा आवाज मध्ये आला. मी म्हटलं, बिघडलं, परत घेऊ. तू म्हणालीस, राहू दे, हाच आपला ठेका. तोच खट् तू फुगवून फुगवून तोफेसारखा केलास. त्या धुनेची ती खूण आहे, जगात दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नाही.

मार्चपासूनच तुझं काहीतरी बिनसलेलं होतं, हे मला मागाहून दिसायला लागलं. तू पडद्याकडे पाठ करून काम करायला लागलीस. सीन मी बघायचा आणि तुला सांगायचं, आता उडी मारली, आता काच फुटली. मग तू विचारायचीस, कुणी मरतंय का? मी म्हणायची, अगं सतरा जण मेले, तू वाजव. तेव्हा वाटलं, डोळे दुखत असतील. मग एप्रिलमध्ये एका इंग्रजी कागदावर तू माझी सही घेतलीस. चार पानं होती. मी पहिलं पान तीनदा वाचलं, उरलेली तुझ्या तोंडाकडे बघून सोडली. म्हणालीस, धून पाठवली आहे, बघू काय होतं. आणि आषाढात तुझा फोन बंद झाला. बंद म्हणजे कायमचाच.

दिवाळीत हितेंद्रनं ओढून नेलं म्हणून तो पोलिसांचा पिक्चर बघायला गेले. मध्यंतरानंतर पुलावरचा पाठलाग सुरू झाला, आणि चेलना, माझ्या हातातला समोसा हातातच राहिला. माझी गिटार! मागून तुझी व्हायोलिनं चढत आली, खालून तो घुमता आवाज, आणि शेवटी खट्. अख्खं थिएटर शिट्ट्या मारत होतं आणि मी घामानं भिजले होते. माझीच धून मला तिकीट काढून ऐकावी लागली, आणि तू मला एका शब्दानं सांगितलं नव्हतंस. तो इंग्रजी कागद आठवला, न वाचलेल्या तीन पानांसकट. पिक्चर संपून नावं वर सरकायला लागली तेव्हा मी दाराबाहेर होते. तिथं एकटं तुझं नाव असणार, आणि ते मला बघायचं नव्हतं.

मग काय, मी पोलीस झाले. कार्तिकी पौर्णिमा झाल्यावर रोनकला फोन केला, तो म्हणाला ताई बाहेरगावी आहे. कुठल्या गावी? तर म्हणे, ते रोज बदलतं. हे काय उत्तर झालं? रोज गाव कोण बदलतं? ज्याच्यामागे कुणी लागलंय तो! पुढच्या आठवड्यात हितेंद्र लग्नाच्या ऑर्डरीसाठी बोदवडकडे गेला होता, तो सांगत आला की चेलना रस्त्यानं अनवाणी चालताना दिसली. साधे पांढरे कपडे, हातात काही नाही. म्हटलं, बघ, पाप केलं की माणूस नवस फेडत फिरतं. येताना जळगावात त्याला तुझा हेडफोन रोनकच्या गळ्यात दिसला, तुझ्या चांगल्या साड्या तुमच्याकडे कामाला येणाऱ्या कमलबाईच्या अंगावर दिसल्या. मला वाटलं, ही आता मोठी झाली, मुंबईला चालली, जुनं सगळं वाटून टाकतेय. प्रत्येक गोष्ट कशी फिट बसत होती गं! डिसेंबरमध्ये मी जळगावची एसटी पकडली आणि तुमच्या दुकानात गेले. तुझी आई गल्ल्यावर होती. तिथं काय झालं ते शेवटी सांगते, आत्ता लिहायला हात उठत नाही.

गेल्या सोमवारी पप्पा पत्रिका नाचवत घरात आले. जळगावनी सुपारी शे, म्हणाले, लगन नही, दीक्षाना वरघोडा शे, बठ्ठासले नवा ड्रेस घालना पडी. मी पत्रिका हातात घेतली, संसार सोडणाऱ्या कुणाच्या मिरवणुकीत पप्पा वाजवणार ते बघायला. वर सोनेरी अक्षरात तुझं नाव होतं.

माय व! मी चुलीपाशीच खाली बसले. रोज गाव बदलतं, कारण तू साध्वीजींबरोबर पायी विहारात होतीस. अनवाणी, कारण आता कायमचंच अनवाणी. फोन बंद, साड्या वाटल्या, पडद्याकडे पाठ, कुणी मरतंय का. पाच महिने मी एकेक पुरावा गोळा केला आणि त्यातला एकही खोटा नव्हता, फक्त गुन्हाच नव्हता. मग मी तो पिक्चर मोबाईलवर लावला, सरळ शेवटाला नेला आणि नावं पहिल्यांदा पूर्ण बघितली. ड्रायव्हर झाले, जेवणवाले झाले, तेव्हा कुठं ते आलं. पाठलागाचं संगीत, रूपा भिकन पाटील. ध्वनिमुद्रण, केळी चेंबर, यावल. तुझं नाव कुठंच नाही. तीनदा मागेपुढे करून बघितलं. त्या कागदावर तू सगळं माझ्या नावावर करून मोकळी झाली होतीस.

आधी रडले, मग तुझा प्रचंड राग आला. अजूनही आहे. एवढी मोठी गोष्ट आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला? कार्डावरचं ते यंदा खरंच याचसाठी होतं तर! मला ठाऊक आहे का नाही सांगितलंस. मी चेष्टा केली असती. म्हटलं असतं, सतरा माणसं मारून बाई चालली तपाला. आणि चेष्टा करून भागलं नसतं तर तुझ्या पाया पडले असते, नको जाऊस म्हणून. तेही केलं असतं मी. तुझ्याशिवाय त्या व्हायोलिनांना कोण हलवणार? मी एकटी गिटार घेऊन कुणाच्या पुढे धावू? तुझा कॉम्प्युटर काल रोनक आणून देऊन गेला. मी अजून चालू केलेला नाही. त्याच्यावर तुझा रुमाल झाकलेला आहे, तो तसाच आहे.

आता दुकानातलं. चेलना, मी तुमच्या दुकानात, गिऱ्हाइकं उभी असताना, तुझ्या आईला म्हटलं की तुमची पोरगी चोर आहे. एकदा नाही, तीनदा, तिसऱ्यांदा ओरडून. कापड फाडणारा माणूस कात्री धरून तसाच थांबला. तुझ्या आईनं, सज्जनबाईंनी, एका शब्दानं सांगितलं असतं तर मी तिथंच गप्प झाले असते, पण तुझा मुहूर्त निघेपर्यंत बोलायचं नाही असं ठरलेलं असणार. त्यांचे डोळे भरले, आणि मी काय समजले माहीत आहे? गुन्हा कबूल. त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, बेटा, हे मी तिच्या कानावर घालणार नाही, तिचं मन आता हललं नाही पाहिजे. मी पाणी न पिता निघाले. त्या सांगणार नाहीत, म्हणून मलाच सांगावं लागतंय, आणि तेही रविवारच्या आधी, कारण रविवारी दुपारी दीक्षेत तुझं नाव बदलेल आणि मग ज्या चेलनाला मी चोर म्हटलं तिची माफी मागायला चेलनाच उरणार नाही. तुझं मन हललं तर त्याचंही पाप माझ्यावर, पण हे पोटात ठेवून तुझ्या वरघोड्यात वाजवणं मला जमणार नाही. गाडीवर मीच असेन. आपली धून वाजवेन, पण अर्ध्या लयीत. काल सहज सावकाश वाजवून बघितली तर माळ्यावर तू सकाळी गुणगुणायचीस ते स्तवनच निघालं. तरी म्हटलं, चेंबरमध्ये तुला ही चाल एवढ्या पटकन सुचली कशी! खट्च्या जागी हितेंद्र ढोलाच्या कडेवर टिपरी मारेल, त्यावरून ओळख. आणि आणखी एक शंका आहे, ती जाता जात नाही. जळगावात बँडांचा काय दुष्काळ पडला होता का? एवढ्या लांबून धुळ्याच्या भिकनचीच पार्टी कुणी बोलावली? उत्तर लिहू नकोस, तुला वेळ नसेल. रथातून तू तांदूळ उधळत जाशील तेव्हा एक मूठ आमच्या गाडीवर टाक, म्हणजे तू मला माफ केलंस असं मी समजेन. पण एक मूठ वाऱ्यानंही येऊ शकते, आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे. म्हणून दोनदा टाक.

मिच्छामि दुक्कडम्. यंदा खरंच.

तुझीच,
रूपा