धाव आणि घाव

दादास आगाऊ बहिणीचा नमस्कार,

भुवईला टाके पडलेत, पण डोळा शाबूत आहे. आईला सांगू नकोस.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना आम्ही व्हीआरचा चष्मा लावून वाचायला शिकवतो. त्यात अक्षरं दाराएवढी दिसतात, मुलं त्यांवरून हात फिरवतात. काल एका मुलीला चष्म्यात लांडगा दिसला आणि शब्द आला 'धाव'. तिनं 'घाव' वाचलं आणि हातातला रिमोट जीव खाऊन हाणला. समोर मी होते.

मला हसूच आलं. वाचलं चूक, पण केलं वाचल्याबरहुकूम!

दारात उभा असलेला तिचा बाप आत घुसला. "साधा ध कळत नाही, गाढवे?" म्हणत त्यानं कानाखाली अशी वाजवली की ती भिंतीवर आदळली. नाकातून रक्त आलं. चष्मा तसाच डोळ्यांवर होता. तिनं मला विचारलं, "ताई, चुकलं की लांडगा मारतो?"

बापाला मी ढकलून बाहेर काढलं.

वहिनी फोनवर म्हणाली, तुझ्या छकुलीच्या पाठीवर पट्टीचे वळ आहेत. जेवते ना ती? तिलाही ध आणि घ सारखेच दिसतात, दादा. ती पट्टी मोडून टाक. नाहीतर मी येऊन तिला घेऊन जाईन.

तुझ्यावर अजून माया असलेली,
धाकटी