थंडी येते कुठून

२ नोव्हेंबर

आज बाहेरच्या खोलीतली खिडकी गेली! म्हणजे आहे तिथेच आहे, पण आता उघडायची नाही. ह्यांनी चारी बाजूंनी फोमची पट्टी चिकटवली, वरून फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. मला विचारलंसुद्धा नाही. मी भाजी घेऊन आले तर हे स्टुलावर उभे, तोंडात खिळे. "हवा आत येत होती," म्हणाले. अहो, हवा आत यावी म्हणूनच खिडकी असते ना!

बोट सोडून हे कायमचे घरी आले त्याला महिना होत आला. इतकी वर्षं पाहुण्यासारखे यायचे – दोन महिने राहायचे, की परत आपलं इंजिनरूम. "आता मजा आहे बाई तुमची," भेटेल तो म्हणतो. मी हसते. काय सांगणार? की माझ्या घरात मलाच आता वाट काढत चालावं लागतं?

५ नोव्हेंबर

गालिचा आला. दोन माणसांनी जिना चढवून आणला, एवढा जाड. त्याआधी पडदे आले होते, त्यांना आतून दुहेरी अस्तर. दोन रजया, पिवळ्या उजेडाचा दिवा, दाराच्या फटीशी ठेवायला वाळू भरलेली कापडी वळकटी – ती ह्यांनी स्वतः शिवली. जाड सुईने, ताडपत्री शिवावी तशी.

खोटं कशाला लिहू, खोली छान दिसते. शेजारीण म्हणाली, "अगदी मासिकातल्या फोटोसारखी केलीत हो!" संध्याकाळी गालिच्यावर पाय पसरून बसले तेव्हा मलाही क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, चला, झालं एकदाचं. आता तरी हे बसतील शेजारी. दोन शब्द बोलतील.

कसलं काय! हे मेणबत्ती पेटवून भिंतीच्या कडेकडेने रांगायला लागले. फट शोधायची ही म्हणे पद्धत – वारा आला की ज्योत हलते.

"ही कुठून येते तेच कळत नाही."

"काय?"

"थंडी."

मी वाकून बघितलं. ज्योत अगदी सरळ उभी. तसं म्हटलं तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच कुठेतरी भोक पाडून ठेवलंय.

९ नोव्हेंबर

दारातली टपाल टाकायची फटही बुजवली. पोस्टमन बेल वाजवून म्हणतो, "काकू, पत्रं काय आता छपरावरून टाकू?"

१२ नोव्हेंबर

लेकीचा फोन. तिच्याजवळ मन मोकळं करायला गेले, तर ती उलट माझ्यावरच! "आई, बाबा तुझ्यासाठी घर उबदार करतायत, किती गोड आहे ते! आणि त्यांना घर नवं आहे गं. जरा सांभाळून घे."

त्यांना घर नवं. आणि मला? मला हा माणूस नवा आहे, ते कुणाला दिसतं का? सकाळी उठून काय खातो, कशावर चिडतो – मला पत्रातला माणूस माहीत. हा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून गॅसच्या ज्योतीवर हात धरून उभा असतो. मी भांडं घ्यायला गेले तरी सरकत नाही. दोन स्वेटर, त्यावर मफलर. बाहेर इतकीही थंडी पडलेली नाही अजून. पण एवढा खर्च करून सगळं आणलंय, म्हटल्यावर ती पडलीच पाहिजे!

१५ नोव्हेंबर

आज स्पष्ट सांगितलं – मागच्या खोलीला हात लावायचा नाही. ती माझी. मी तिथे वेताच्या खुर्च्या विणते, जुन्या खुर्च्यांना पॉलिश करते. वेत भिजत घातलेला असतो, स्पिरिटचा वास असतो, खिडकी उघडीच लागते. हे घरी नसायचे त्या सगळ्या हिवाळ्यांत मी त्या खिडकीशी बसून काम केलंय.

"बरं," म्हणाले. एवढंच. पण म्हणाले.

१८ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर बघवत नाही.

काल मी खुर्च्या पोचवायला गेले तेवढ्यात ह्यांनी मागची खिडकी बंद केली! पट्टी, लांबी, वर दोन स्क्रू. मला आज पॉलिशला बसल्यावर कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली. पण उद्या खुर्ची द्यायची होती, म्हटलं एक हात मारून घेऊ, भांडण नंतर. दार लावून घेतलेलं. थोड्या वेळाने डोकं गरगरायला लागलं. उठले, आणि स्टुलासकट आडवी.

आवाज ऐकून हे आले. मला उचलून बाहेर नेलं. उचलताना धापा टाकत होते, वाटेत भिंतीला टेकून थांबले. मग कपाळावर हात ठेवला – बर्फ! मी तो हात झटकून टाकला.

उजवं मनगट मुरगळलंय. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस काम बंद.

१९ नोव्हेंबर

व्हायचं ते झालं.

मी डाव्या हाताने स्क्रू काढायला लागले. जमेना. हे दारात उभे. "मी काढतो," म्हणाले. मी म्हटलं, "नको. तुम्ही काही करू नका. तुम्ही तिकडे होता तेच बरं होतं. तिकडेच का नाही राहिलात?"

ह्यांनी माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला, दोन्ही स्क्रू काढले, लांबी खरवडली, खिडकी सताड उघडली. वारा आला तसे दातावर दात वाजायला लागले त्यांचे, ते मला ऐकू येत होतं. मी बघितलं नाही. मग खाली सांडलेला भुगा गोळा करून निघून गेले.

पाहिजे ते मिळालं. खिडकी उघडी आहे.

२२ नोव्हेंबर

घरात दोन माणसं आणि आवाज फक्त घड्याळाचा. जेवतात ते चिमणीएवढं. विचारलं तर "भूक नाही." रुसलेत. रुसू देत! आता कुठल्या फटी शोधत नाहीत, गालिच्यावर नुसते बसून असतात, रजई गळ्यापर्यंत ओढून. मी समोरून गेले की पाय आखडून घेतात, मला वाट द्यायला.

त्या पाय आखडण्यानं फार वाईट वाटलं. तरी बोलले नाही. मीही हट्टीच.

२५ नोव्हेंबर

हे दाढी करत होते, म्हणून ह्यांचा फोन मी उचलला. बोटीवर ह्यांच्या हाताखाली असलेला इंजिनिअर – हे त्याला 'सेकंड' म्हणतात. मोकळा माणूस. "काय वहिनी, साहेब कसे आहेत?" मी म्हटलं, "मजेत. घर बांधून काढतायत परत." तो हसला नाही.

"रिपोर्ट काय आले, वहिनी?"

"कसले रिपोर्ट?"

तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलं नाही?"

मग हळूहळू सांगत गेला. इंजिनरूममध्ये, जिथे पोरं बनियनवर घामाने निथळत काम करतात, तिथे हे स्वेटर घालून उभे असायचे. आधी सगळे चेष्टा करायचे. मग पँट कमरेवर राहीना. एकदा शिडी चढताना अर्ध्यावर बसून राहिले. बंदरावर डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, घरी जाऊन लगेच सगळ्या तपासण्या करून घ्या, दिवस घालवू नका. "म्हणून तर कंपनीनं उतरवलं त्यांना, वहिनी. ते कुठे स्वतःहून सोडणार होते?"

मी फोन हातात धरून तशीच उभी. आत नळ वाहत होता.

आम्हाला ह्यांनी सांगितलं होतं – कंटाळा आला, आता घरी राहावंसं वाटतं.

२६ नोव्हेंबर

उद्या सकाळी तपासण्यांसाठी इस्पितळात जायचंय. मी रागावले नाही, रडलेही नाही, फक्त विचारलं, "आल्या आल्या का नाही सांगितलंत?"

रजई गळ्याशी ओढून घेत म्हणाले, "मला वाटलं, घरी आलो की ही थंडी थांबेल."